ताडपत्रीखालची गाडी

ह्या ग्रुपवर मी बरीच वर्षं नुसता वाचत आलोय. लिहिलं कधीच नाही, कारण खरं सांगायचं तर इथल्या निम्म्या गोष्टी वाचून मला हसू यायचं. अमक्याची गाडी निर्जन रस्त्यावर आपोआप बंद पडली, तमक्याच्या गाडीचे लाईट आपोआप लागले, हॉर्न आपोआप वाजला... अहो, मी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. आपोआप लाईट लागणाऱ्या गाड्यांवरच माझं घर चालतं. माझ्या लेखी भूत म्हणजे लूज कनेक्शन, आणि पावसाळ्यातलं भूत म्हणजे ओलं लूज कनेक्शन. त्यावर उतारा एकच – मीटर लावा आणि जरा डोकं लावा.

आता मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर बायको म्हणाली, "लिहा, लिहा. इतके दिवस लोकांना हसलात, आता लोकांना हसू द्या." तिचं म्हणणं बरोबर आहे. हसा. पण पुरतं वाचून हसा.

माझं दुकान पेणला, रामवाडीत. हायवेवरून आत वळलं की टायरवाल्याच्या शेजारी पत्र्याची शेड आहे, तेच. पावसाळा हा आमचा सीझन. पाऊस लागला की ज्या गाड्या उन्हाळाभर गुणी लेकरासारख्या चालतात त्या एकेक करून रुसायला लागतात. कुणाचा वायपर अर्ध्यावर थांबतो, कुणाचा इंडिकेटर लावला की पुढचा दिवा लागतो, कुणाची गाडी पाण्यातून गेली की मिटली. आणि गिऱ्हाईक आलं की पहिलं वाक्य ठरलेलं – "भाऊ, काल बंद होती, आज चालू आहे, पण बघा जरा."

काय बघू? चालू गाडीत काय बघायचं?

इथे माझं डोकं फिरतं. पावसात गाडी बंद पडली की लोक काय करतात, बॉनेट उघडून सगळं सुकवतात. कोण हवा मारतो, कोण बायकोचा हेअर ड्रायर आणतो. गाडी चालू होते, सगळे खूश. अरे बाबांनो, दुखणं ओलं असताना दिसतं! सुकवलंत की चोराला मागच्या दाराने तुम्हीच सोडून दिलंत. म्हणून माझ्याकडे नियम आहे, ओली गाडी आली तर ओलीच उघडायची. आणि सुकी आली तर मी बाटलीने पाणी मारतो, आधी इथे, मग तिथे, एकेका जागी थोडं थोडं, आणि मीटरवर डोळा ठेवतो. ज्या जागी पाणी मारल्यावर काटा पडतो तिथे चोर. वेळ जातो, गिऱ्हाईक वैतागतं, पण गाडी परत येत नाही.

तर, गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात एक पांढरी गाडी आली. दोरी बांधून ओढत आणली होती. चालवणारी बाई होती, अष्टमीची, म्हणजे रोह्याला कुंडलिकेच्या पुलापलीकडे. नाव नसीम. मी भाभी म्हणायला लागलो. मागच्या सीटवर तिच्या सासूबाई, हलीमाखाला. पाय सुजलेले, अंगावर शाल, आणि ते सगळं अंग भिजलेलं असताना चेहरा मात्र असा, की जणू आम्हीच त्यांच्याकडे पाहुणे आलोय.

खालांना डायलिसिस सुरू होतं. रोह्याला नंबर लागत नव्हता म्हणून पेणला एका खाजगी दवाखान्यात आठवड्यातून तीनदा आणावं लागायचं. नसीमभाभीचा नवरा इम्रान आखातात. गाडी त्याने सुट्टीवर आला तेव्हा घेतली, आईला आणि बायकोला फिरवलं, आणि परत गेला. चालवणारं घरात कोणी नाही. मग आमच्याकडे आखातवाल्यांच्या घरी करतात तेच झालं – गाडीला वरून खालपर्यंत निळी ताडपत्री, दोरीने चारी बाजूंनी आवळून, नवरीसारखी झाकून ठेवली. दर शुक्रवारी इम्रानचा व्हिडिओ कॉल आला की ताडपत्री थोडी उचलायची, गाडी सुरू करायची, त्याला इंजिनचा आवाज ऐकवायचा. तो तिकडे खूश. आवाज ऐकला की झोप लागते म्हणायचा.

पुढे आईची किडनी गेली, आणि भाभी एका महिन्यात गाडी शिकली. लायसन काढलं आणि ताडपत्री सोडली.

मी वायपरखालची काळी पट्टी उघडली आणि कपाळाला हात लावला. आत जांभळाची पानं कुजून चिखल झालेला, पाणी जायची दोन्ही भोकं बंद. काचेवरून उतरलेलं पाणी बाहेर जायच्या ऐवजी सरळ आत, डॅशबोर्डमागे. शिवाय ताडपत्रीत गाडीला घाम येतो. बाहेरून थेंब लागू देत नाहीत, पण आतली वाफ आतच राहते. वायरी जोडणारे सगळे कपलर हिरवे पडलेले. जीव लावून ठेवलेल्या गाड्यांचीच आमच्या कोकणात ही गत होते. उघड्यावर भिजणारी रिक्षा बरी.

मी हे सगळं भाभीला सांगत होतो, तेवढ्यात मागून खाला बोलल्या, "म्हनजे हिला पन माझाच आजार झाला म्हन की. पानी बाहेर टाकत नाय."

मला हसूच फुटलं. त्याही हसल्या. त्या दिवसापासून आमचं जमलं.

मी भोकं साफ केली, कपलर घासले, अर्थच्या वायरी काढून नव्याने बसवल्या. गाडी गेली. पुढच्या फेरीला व्यवस्थित आली, आणि त्याच्या पुढच्या फेरीला जोराची सर आली तशी नागोठण्याच्या अलीकडे बंद पडली. पडली ती पडलीच. भाभीने एस.टी.ला हात केला, पण खालांना पायरी चढता येईना. वेळ निघून गेली आणि दवाखान्याचा नंबर चुकला. रात्रभर खाला उशीला टेकून बसून होत्या, आडवं झालं की श्वास अडकायचा. छातीत पाणी साठतं ना. हे मला दुसऱ्या दिवशी भाभीने फोनवर सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "भाऊ, मला गाडीतलं काय कळत नाय. तुमी सांगा, ह्या गाडीवर भरवसा ठेवू का नको ठेवू? डॉक्टर बोलले, परत एक चुकली तर मग..."

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. गाड्या परत येतात, धंद्यात होतं. पण ह्या गाडीच्या मागच्या सीटवर माणूस होतं.

पुढच्या फेरीला खाला दवाखान्यात मशीनवर असताना मी गाडी शेडमध्ये घेतली आणि पाण्याची बाटली घेऊन बसलो. पुढून सुरुवात केली, काही नाही. फ्यूज बॉक्स, काही नाही. शेवटी डाव्या बाजूला, पुढे बसणाऱ्याच्या पायाशी जी प्लॅस्टिकची पट्टी असते तिच्यामागे पाणी मारलं आणि मीटरवर बारा व्होल्टचे सात झाले. इंजिन गचकलं. सापडला! तिथून वायरींचा जाड जुडगा जातो, आणि त्या जुडग्याच्या पोटात कंपनीचा एक जोड असतो. इंजिनच्या कॉम्प्युटरला करंट त्यातूनच. कापडी टेपला छोटी चीर देऊन आत बघितलं तर तांब्याचा पार मोरचूद झालेला. चार तारा कशाबशा धरून होत्या. ओल लागली की तेवढ्याही सुटायच्या.

तो जोड नीट करायचा तर डॅशबोर्डचा खालचा भाग उतरवावा लागणार, दिवसभराचं काम. आणि खालांचं तोवर आटोपलं होतं. डायलिसिसनंतर माणूस पिळून टाकल्यासारखं होतं हो, त्यांना शेडमध्ये बाकड्यावर बसवून ठेवायचं कसं? पाऊसही उघडला होता. भाभीला म्हटलं, "आता सुकं आहे तोवर घरी पोचाल. उद्या गाडी घेऊन या, दिवसभर ठेवा. आणि ती होईपर्यंत खालांना हिच्यातून आणू नका, रिक्षा करा."

चिरेवर टेप गुंडाळली, पट्टी बसवली, आणि स्क्रूंवर लाल नेलपॉलिशचे ठिपके दिले. ही माझी सवय आहे. आमच्याकडे लोक मधेच दुसऱ्याकडे जाऊन येतात आणि बिघडलं की नाव माझं घेतात. ठिपका फुटलेला असला की मी काही न बोलता फक्त बोट दाखवतो.

दुसऱ्या दिवशी पाऊस असा लागला की भाभीचा सकाळीच फोन, रस्त्यावर पाणी आहे, येता येत नाही. मी म्हटलं, नका येऊ. मी स्वतः त्या दिवशी दुपारभर एका गणपतीच्या कारखानदाराच्या टेम्पोखाली आडवा होतो. मूर्त्या पोचवायच्या होत्या आणि टेम्पोचे मागचे दिवे गेलेले, तो डोक्यावर उभा होता. हे मुद्दाम सांगतोय. मी कुठे होतो ह्याला साक्षीदार आहे, आणि तोही कावलेला साक्षीदार.

त्याच्या दुसऱ्या दिवशी खालांचा डायलिसिसचा दिवस. पाऊस थांबलेला नाही. सकाळी भाभीचा फोन. मागून खालांचा श्वास ऐकू येत होता – पाण्यातून हवा ओढल्यासारखा. कुंडलिकेचं पाणी पुलाला लागलं होतं, रोह्यातली एकही रिक्षा अष्टमीला यायला तयार नव्हती. शेजाऱ्याची गाडी होती ती शेजारी घेऊन पनवेलला गेलेला.

"भाभी, ती गाडी नका काढू," मी म्हटलं. "नागोठण्याच्या पुढे नाय येणार ती. लिहून देतो."

"मग काय करू, ते पन सांगा."

म्हटलं, "निघा. एसी लावू नका, रेडिओ लावू नका, लागेल तेवढाच वायपर. बंद पडली की तिथेच थांबा, मी ह्या बाजूने निघतोय."

माझी जुनी व्हॅन काढली, मागची सीट मोकळी करून त्यावर गादी टाकली, आणि वडखळच्या दिशेने सुटलो. रस्ता दिसत नव्हता. मनात एकच हिशेब – कुठे थांबलेली असेल, तिथून खालांना उचलून व्हॅनमध्ये कसं घ्यायचं, आणि किती उशीर चालेल. देवाचं नाव मी सहसा घेत नाही. त्या दिवशी घेतलं.

वडखळ मागे टाकलं आणि समोरून पांढरी गाडी येताना दिसली. रस्त्यावर घोट्याएवढं पाणी, दोन्ही बाजूंना तुषार उडवत, सरळ, एका लयीत. भाभीने मला बघितलं पण थांबली नाही, फक्त एकदा दिवा मारला. मी व्हॅन वळवली आणि मागे लागलो. पेणपर्यंत मी त्या गाडीचे मागचे दिवे बघत गाडी चालवली. मला माहीत होतं ती बंद पडणार. प्रत्येक खड्ड्याला, प्रत्येक डबक्याला मी म्हणत होतो, आता. ती बंद पडली नाही. साधी गचकलीसुद्धा नाही.

दवाखान्यात खालांना आत घेतलं, मशीन लागलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. भाभी तिथेच भिंतीला टेकून खाली बसली आणि रडली. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू.

थोड्या वेळाने खालांना बरं वाटायला लागलं तशी त्यांनी मला हाताने जवळ बोलावलं. म्हणाल्या, "काल येवढ्या पावसात आलास, आनि चाय पन न घेता गेलास."

"काल? मी कुठे आलो काल?"

"दुपारचा. मी खिडकीत होते. पाऊस म्हनून गाडीवर ताडपत्री टाकलेली, तिच्याखाली तुझे पाय दिसले. डाव्या बाजूला बसलावतास. मी हाक मारली, चाय घेतोस का रे पोरा? तर बोल्लास, नको, हात गुतल्यात."

भाभीने माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, म्हणजे बोलू द्या. ती काल दुपारी औषधं आणायला गेली होती. आम्हाला दोघांनाही वाटलं, अंगात पाणी साठलं की माणूस काहीबाही बोलतं, त्यातलंच आहे. मी म्हटलं, "बरं, पुढच्या वेळी घेतो चहा."

मग खाली गेलो. म्हटलं खाला मशीनवर आहेत तोवर निदान तात्पुरता तरी जोड करून टाकू. दार उघडलं, बॅटरी मारली. नेलपॉलिशचे ठिपके जसेच्या तसे. एकालाही चीर नाही. मी स्वतः ते फोडले आणि पट्टी काढली.

आत माझी टेप नव्हती.

जुडगा नीट उघडलेला होता. हिरवा पडलेला जोड कापून तिथे नवा जोड, सोल्डर चकचकीत. त्यावर मेणबत्तीचं पांढरं मेण ओतलेलं, आणि मेणावरून हिरवा दोरा, जाळ्याचा असतो तो नायलॉनचा, शेजारी शेजारी असा गुंडाळलेला की मधे नख जाणार नाही. शेवटी गाठ. दोरा अजून ओला होता.

आता ही गाठ कोणाची ते सांगतो, म्हणजे मी त्या पावसात गाडीच्या दारात उकिडवा बसून का राहिलो ते कळेल. मला हा धंदा हिराजीमामांनी शिकवला. खाडीकडच्या गावचे, आगरी. घरात सगळे जाळी विणणारे, हे एकटे वायरिंगमध्ये पडले. पण जोड करायचे तो जाळ्याच्या दोऱ्याने आणि मेणाने. म्हणायचे, "टेप सुक्यातली सोबती. पान्यात सैल होती. गाठ आशी पायजे का पानी लागंल तशी आवळंल." त्यात मामा डावखुरे. त्यांची गाठ उलटी पडायची. मी कितीतरी वेळा शिकायचा प्रयत्न केला, मला ती कधी जमली नाही. शेवटी मामाच म्हणाले, "ऱ्हाऊ दे, तुझा हात वेगला हाय." दुसऱ्या कुणाच्या कामात ती गाठ मी आजवर बघितलेली नाही.

मामा वारले तेव्हा ही गाडी रस्त्यावर असणं सोडाच, ह्या गाडीचं मॉडेलसुद्धा निघालेलं नव्हतं.

मी मीटर लावला. एका टोकाला जेवढं, दुसऱ्या टोकाला तेवढंच. बाटलीने पाणी मारलं. काटा हलला नाही. आणखी मारलं, जुडगा हाताने हलवला, इंजिन चालू करून सगळे दिवे लावले. काटा नाही म्हणजे नाही हलला.

आमच्या धंद्यात दुसऱ्याचा जोड आपण ठेवत नाही. कापायचा आणि स्वतःचा करायचा, कारण उद्या काही झालं तर जबाबदारी आपली. मी कटर हातात घेतला होता. मागे छत्री घेऊन भाभी येऊन उभी राहिली. "भाऊ, परवा आनायचं हाय परत. हिच्यातनं आनू?"

काय सांगणार होतो? माझा जोड मी ओळखतो, तो किती टिकेल ते सांगू शकतो. ह्याचं काय सांगायचं? पण मग असंही मनात आलं, की मामांच्या हातचा एकही जोड परत आलेला मी कधी बघितला नाही. मी कटर खिशात टाकला, नवी टेपसुद्धा गुंडाळली नाही, पट्टी बसवली. म्हटलं, "आणा. बिनधास्त आणा." त्यानंतरच्या प्रत्येक फेरीला, भाभीचा 'पोचलो' असा फोन येईपर्यंत, मी दुकानात पाना हातात धरून नुसता उभा असायचो.

पूर्ण पावसाळा गेला. गाडी एकदाही बंद पडली नाही.

मी सगळ्या बाजूंनी विचार केलाय, मंडळी. तुम्ही जे विचाराल ते मी स्वतःला आधीच विचारलंय. दुसरा मेकॅनिक? भाभी म्हणाली, कोणाला बोलावलंच नाही, आणि बोलावलं तरी त्या पावसात कोण येणार होतं. मग ठिपके? त्याच रंगाचे नवीन दिले म्हणावं, तर नेलपॉलिश माझ्या बायकोचं, आणि ते माझ्या गल्ल्यात. मामांच्या हाताखाली आणखी एकजण शिकला होता, तो केव्हाच गुजरातला कंपनीत लागला. त्याला फोन केला तर म्हणाला, "ती गाठ? छ्या, मला तर सुलटीसुद्धा नाय आली." मीच केलं आणि विसरलो म्हणावं, तर टेम्पोवाला आहे, आणि माझे हात आहेत. ते ती गाठ मारू शकत नाहीत. बाकी काय उरतं ते तुम्ही ठरवा. मला ठरवता आलेलं नाही, आणि आता मी तो नादही सोडलाय.

ह्यातलं मी अष्टमीला कोणाला काहीच सांगितलं नव्हतं. पण खाला दर फेरीला दुकानापाशी गाडी थांबवायच्या, काच खाली करायच्या आणि माझ्यासाठी दुवा मागायच्या, माझ्या हातांसाठी, माझ्या पोरांसाठी. ते मला सोसेना. दुसऱ्याच्या ताटातलं जेवल्यासारखं वाटायचं. दसऱ्यानंतर एकदा भाभी समोरच्या दुकानात गेली होती, तेव्हा मी काचेपाशी वाकून सांगून टाकलं. "खाला, त्या दिवशी ताडपत्रीखाली होता तो मी नव्हतो."

त्या जरासुद्धा दचकल्या नाहीत. "म्हाईत हाय," म्हणाल्या. "बरं वाटल्यावर ध्यानात आलं. तू चपला घालून आसतोस. त्याच्या पायात काय नव्हतं. आनि तो म्हातारा मानूस होता रे, टाचा फुटलेल्या."

"मग दुवा मला कशाला देता?"

"त्याला नाव नाय ईचारलं ना. दुवा कुनाच्या तरी नावावर मागाया लागते. तू समोर होतास." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "तुला म्हाईत हाय कोन होता तो."

मी सांगितलं. मामांबद्दल सगळं सांगितलं, गाठीचंही. म्हटलं, "पण खाला, ते आमच्यातले, खाडीकडचे आगरी."

"मी ते ईचारलं का तुला? नाव काय?"

"हिराजी."

"आनि आयचं नाव?"

त्यांच्यात दुवा मागताना माणसाच्या नावाबरोबर त्याच्या आईचं नाव घेतात, असं त्यांनी मला सांगितलं. हिराजी काय, दहा आसतील. कुठला हिराजी ते आईच्या नावाने कळतं. मी मामांच्या घरात जेवलो, झोपलो, त्यांच्या तिरडीला खांदा दिला. पण त्यांच्या आईचं नाव मला माहीत नव्हतं. कधी प्रश्नच आला नव्हता.

त्या रविवारी मी खाडीकडे गेलो. मामी अजून आहेत, ओसरीवर बसून जाळं दुरुस्त करत होत्या. जाळ्याकडे मी मुद्दाम बघितलं नाही. आल्याचं खरं कारण न सांगता एवढंच म्हटलं, रोह्याच्या एका म्हाताऱ्या बाईंना मामांच्या नावाने दुवा मागायची आहे, त्यांना मामांच्या आईचं नाव हवंय. मामींनी हातातलं काम बाजूला ठेवलं.

"सासूचं नाव?" त्या म्हणाल्या. "मेल्यावर तिचं नाव कुनी घेतलं नाय रे ह्या घरात. ठकूबाय." आणि पदर डोळ्यांना लावला.

मी तिथूनच, खाडीच्या बांधावर उभं राहून, अष्टमीला फोन लावला. भाभीने खालांच्या कानाशी धरला. मी नाव सांगितलं.

"ठकूबायचा हिराजी," खाला म्हणाल्या, सावकाश, पाठ केल्यासारखं. मग पलीकडून फक्त कुजबुज ऐकू येत राहिली, बराच वेळ. मी फोन कानाला लावून उभा. शेवटी त्यांचा नेहमीचा आवाज आला.

"पोचलं बघ. आता जा घरी, पोरा. जेवून घे."